लालाला आंधळा कागद

लासुर्णे, ता. इंदापूर
२४ नोव्हेंबर २०२३

आदरणीय हैदरभाई यांस नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी राजलक्ष्मी रणवरे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, रसाची गोडी मोजते. गेल्या बुधवारी बारामतीत तुमच्या दुकानी येऊन गेले. पाटी अजून 'गुलशन फोटो स्टुडिओ'चीच आहे, आत मात्र मोबाईलची कव्हरं टांगलेली. तुमचा नातू मुजम्मिल म्हणाला, "आजोबांना फोन करून उपयोग नाही, ऐकू येत नाही. मेसेज ते बघत नाहीत. पत्र लिहा, पत्राला उत्तर देतात." म्हणून हा खटाटोप.

काम असं की मी कागद करते. रस निघाल्यावर उरलेलं उसाचं चिपाड सोड्यात शिजवायचं, कुटून लगदा करायचा, चाळणीवर उचलायचा आणि फरशीवर वाळवायचा. या कागदावर चांदीच्या क्षाराचा थर देऊन तोच फिल्म म्हणून कॅमेऱ्यात घालायचा, असं खूळ माझ्या डोक्यात शिरलंय. आपल्या रानातल्या उसावर आपलं माणूस उमटावं, एवढीच इच्छा. थराचं रसायन मला जमतं, पोटापाण्याचा धंदाच तो. बुटाच्या खोक्याला भिंग लावून कॅमेराही केलाय. पण आजवर अठरा कागद वाया गेले. सगळे एकजात काळे. त्यातला एक सोबत पाठवते, तुम्हीच नाडी बघा.

तुमचं नाव कुठून कळलं तेही सांगते. दिवाळीच्या साफसफाईत वडिलांची तसबीर खाली उतरवली, तर पाठीमागे तुमचा शिक्का. वडील जाऊन बावीस वर्षं झाली. त्या फोटोच्या उजव्या कडेला बांगड्या भरलेलं एक कोपर आहे, अर्धवट कापलेलं. आईला विचारलं, तर म्हणाली, "असंल कुनाचं तरी." तुम्हाला काही आठवतं का? सहज विचारते.

आपली,
राजलक्ष्मी रणवरे


बारामती
३० नोव्हेंबर

राजलक्ष्मीताई यांस हैदरचा सलाम.

नातवानं खरं तेच सांगितलं. कानात यंत्र घातलं की मला माणसांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो, म्हणून ते कपाटात झोपलंय. पत्राचं बरं असतं, हळू वाचलं तरी ओरडत नाही.

तुमचा काळा कागद बघितला. रोग सोपा आहे. तुमची खोली अंधारी नाही. आत जाऊन दार लावा आणि दहा मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावल्यावर स्वतःचा हात दिसला, तर समजा खोलीला भोक आहे. दाराखालून, कौलातून, कुठून तरी उजेड येतोय. आणि तो मोबाईल खिशात घेऊन आत जाता की नाही? खरं सांगा. सोबत लाल बल्ब पाठवतो. चाळीस वर्षं मी याच्या उजेडात काम केलं, सुरैय्या रागावली की जेवलोही तिथंच. सुरैय्या म्हणजे माझी बायको.

दुसरा रोग अवघड आहे. तुमचा कागद फार तहानलेला आहे. थर वर राहत नाही, पोटात जातो, आणि पाण्यात घातल्यावर तंतू उठतात. थर द्यायच्या आधी त्याचं पोट भरायला हवं. ते कशानं भरायचं मला ठाऊक नाही. आम्हाला तयार कागद मिळायचा, आमच्या पिढीनं आयतं खाल्लं.

कितीतरी वर्षांत मला फोटो धुवायच्या कामाविषयी कुणी विचारलं नव्हतं. पत्र आल्यापासून मी डार्करूमचं कुलूप काढून बसलोय. आत मुजम्मिलनं खोकी भरून ठेवली होती, ती त्यालाच बाहेर काढायला लावली.

हैदर


लासुर्णे
१७ डिसेंबर

हैदरचाचांना नमस्कार. 'भाई' लिहायला आता जड जातं, चालेल ना?

मोबाईल खिशातच होता. ओशाळून कबूल करते.

कागदाचं पोट आईनं भरलं. आम्ही घरात दोघीच, त्यामुळे माझं खूळ तिच्या डोळ्यांसमोरच चाललेलं असतं. मी लॅबमधून येऊन पुस्तकं चाळत बसले होते. ती दारातून म्हणाली, "आगं, लुगड्याला खळ देत्यात तशी दे की. पानी पितंय कशाला मग?" तांदळाच्या पिठाची पातळ खळ करून तिनंच कागदावर हात फिरवला. वाळल्यावर कागद टणक झाला, बोटानं वाजवला तर वाजतो. एम.एस्सी. झालेली मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

आणि चाचा, चित्र आलं! अंगणाचं. निगेटिव्हवरून पुन्हा कागदावर छापलं, ते सोबत आहे. पण त्यात एक गंमत झालीय. माझी लालभडक स्कूटर कोळशासारखी काळी आलीय, आणि पाण्याचा निळा ड्रम पांढराफटक, चुना दिल्यासारखा. माझं काही चुकलं का?

पाकीट नागेशबरोबर पाठवते. तो माझ्याबरोबर लॅबमध्ये आहे, रोज बारामतीहून येऊन-जाऊन करतो. पोस्टापेक्षा भरवशाचा.

आईनं विचारलं, पत्रं कुणाची येतात. तुमचं नाव सांगितलं, तर विळीवरचा हात तसाच राहिला. थोड्या वेळानं विचारलं, "गुलशनवाले?" मी हो म्हटलं. ती भाजी चिरत राहिली. तुमची ओळख आहे का? कोपराचंही तुम्ही सांगायचं राहिलंच.

राजलक्ष्मी


बारामती
२३ डिसेंबर

बेटा राजलक्ष्मी,

तुझ्या आईला सांग, चाळीस वर्षं धंदा करून मला जे सुचलं नाही ते तिनं दारातून सांगितलं.

तुझं काही चुकलेलं नाही. तुझा कागद लालाला आंधळा आहे. लाल, तपकिरी, पिवळट, सगळा त्याच्या लेखी अंधार. म्हणून तर लाल बल्बखाली आपण बिनधास्त काम करतो. निळं मात्र त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं. त्याच्या डोळ्यानं बघायला शीक, म्हणजे फसणार नाहीस.

नागेशबरोबर माझा लाकडी कॅमेरा पाठवतोय. घड्यांचा चामडी भाता दोन ठिकाणी मी चिकटवलाय. भिंगाची टोपी काढायची, आकडे मोजायचे, टोपी लावायची, यापलीकडे त्यात काही यंत्र नाही. खोक्याला आता रजा दे. निगेटिव्ह तयार झालं की त्याला शुद्ध मेण पाजावं लागतं, म्हणजे कागद काचेसारखा उजेड सोडतो आणि प्रिंट स्वच्छ येतो. मेणबत्तीचं मेण नको, मधमाशीचंच शोध. ते काम आणि छपाई मात्र इथं माझ्या हातानं होऊ दे, निदान सुरुवातीला.

कुणाचा फोटो काढणार आहेस? माणसाचा काढायचा तर त्याला चाळीस आकडे होईपर्यंत गप्प बसता आलं पाहिजे. मला बसायला सांगू नकोस. माझा फोटो फक्त आधारकार्डावर आहे आणि त्यात मी पाकीटमार दिसतो. जन्मभर दुसऱ्यांचे काढले, माझा कुणी काढला नाही.

कोपराचं काही आठवत नाही. फार जुनी गोष्ट झाली.

हैदरचाचा


लासुर्णे
१८ जानेवारी २०२४

हैदरचाचांना नमस्कार, आणि संक्रांतीचा तिळगूळ. डबी पाकिटात आहे.

तुम्ही विचारलंत, कुणाचा फोटो. आईचाच. हे सगळं तिच्यासाठीच मांडलंय.

माझ्या आईचा, गोजराबाईचा, एकही फोटो घरात नाही. वडील गेल्यापासून ती कॅमेऱ्यासमोर आली नाही. लग्नाकार्यात कुणी मोबाईल वर केला की पदर तोंडावर येतो नाहीतर ती आत निघून जाते. सरकारी कार्डासाठी बसली तेवढीच. तिला एकसष्टावं लागलंय. चाचा, उद्या तिचं काही झालं तर भिंतीवर लावायला मला ते कार्डावरचं टिकलीएवढं चित्र मोठं करून घ्यावं लागेल. या विचारानं मला रडू येतं. तिची हनुवटी, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके, लहानपणी मी त्यांवर बोट ठेवून झोपायचे. ते सगळं मला नीट हवंय.

संक्रांतीला आळीत हळदीकुंकू होतं. आई मागच्या पडवीत माझ्याबरोबर लगदा चाळत होती. तिथंच धीर करून विचारलं. चाळणी खाली ठेवून म्हणाली, "मोबाईलवाली न इचारता काढत्यात. तू इचारलंस. काढ. पन एकदाच. बिघडला तर बिघडला, पुन्ना म्हनायचं न्हाय."

म्हणजे मला एकच कागद आहे. तिनं शब्द दिला की दिला, आणि नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही.

मेणाचं मी तिला सांगितलं होतं. ती ट्रंकेतून एक करंडा घेऊन आली. कुंकवाखाली लावायचं मेण, बावीस वर्षं तसंच पडलेलं. "हे घे. गुलशनवाल्यास्नी दे. मला काय करायचंय आता," म्हणाली. तिळगुळाच्या डबीखाली जी छोटी डबी आहे, ते हे मेण.

राजलक्ष्मी


बारामती
२३ जानेवारी

बेटा,

मेण पोचलं. पुष्कळ आहे, पुरून उरेल. डबी मी टेबलावर ठेवलीय.

ऐक नीट. सकाळी दहाचा उजेड, पण ऊन अंगावर नको, पडवीची सावली. पाठीला भिंत दे. डोक्यामागे उशी अशी ठेव की दिसणार नाही. हसायला सांगू नकोस, चाळीस आकडे कुणाला हसता येत नाही. पापण्या लवल्या तरी चालतील, कागद तेवढं मनावर घेत नाही. मान हलली तर मात्र गेली. आकडे तू मोठ्यानं मोज, म्हणजे किती राहिले ते तिला कळेल. आणि आधी चार दिवस भिंतीशी मडकं ठेवून सराव कर.

कागद काळ्या पाकिटात घालून दोन दिवसांत माझ्याकडे पाठव. हात थरथरतो हल्ली, पण पाण्यातला कागद अजून मला ऐकतो.

हैदरचाचा


लासुर्णे
४ फेब्रुवारी

चाचा,

झालं. आज रविवार, सुट्टी होती. नागेश उद्या पाकीट आणून देईल, तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नको म्हणून बजावलंय.

आईनं निळसर इरकल नेसली, केस चापून बांधले. मी काळ्या कपड्यात डोकं घालून बघितलं, तर काचेवर ती उलटी, आणि तरी ओळखीची. टोपी काढली. मोजायला लागले. वीस झाले, तीस झाले. ती काही हलली नाही. चाळीसला टोपी लावली. तर म्हणते, "झालं व्हय? आनि बसले असते." मग मागची उशी माझ्या हातात देत, "येवढा येळ सरळ माज्याकडं कुनी बघितलंच न्हवतं गं."

सगळं आता तुमच्या हातात आहे. जपा.

राजलक्ष्मी


लासुर्णे
२० फेब्रुवारी

हैदरभाई यांस,

प्रिंट मिळाला. तीन दिवस झाले, आईला दाखवलेला नाही. गादीखाली ठेवलाय.

मी तुम्हाला एकच गोष्ट म्हटली होती, हनुवटीवरचे ठिपके. ते तुम्ही घालवलेत. हनुवटी कोरी, पाटीसारखी पुसलेली. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून माणसांचे डाग काढायचे, हे मी वाचलंय. सवयीनं हात गेला असेल, म्हातारं माणूस, म्हणून मी तेही गिळलं असतं.

पण कपाळावर कुंकू? सरळ, गोल, काळं कुंकू, दोन भुवयांच्या मध्ये. हे का केलंत? बाई विधवा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, मी लिहिलं होतं. कुणाच्या जखमेवर उपकार करायला निघालात? का तुमच्या वेळी गिऱ्हाइकांना आवडायचं तसं सजवून दिलंत? बावीस वर्षं माझी आई ज्यासाठी आळीत मागं उभी राहते, ते तुम्ही पेन्सिलीच्या एका गिरकीत काढून पाठवलंत. ती हे बघेल तेव्हा तिला काय वाटेल? एकच कागद होता, चाचा. तिनं एकदाच हो म्हटलं होतं.

मला फार राग आलाय. निगेटिव्ह परत पाठवा. जसं असेल तसं. कॅमेरा नागेशबरोबर परत करते.

राजलक्ष्मी


बारामती
२५ फेब्रुवारी

बेटा राजलक्ष्मी,

निगेटिव्ह सोबत आहे. कॅमेरा मी नागेशकडून घेतला नाही, तो तुझ्या घरीच राहू दे.

तुझ्या लॅबमधलं भिंग घे आणि निगेटिव्ह उजेडात तिरकं धर. पेन्सिल फिरवली असेल, तर शिसं चमकेल. हनुवटीपाशी बघ, चमकतं का. आता कपाळ. निगेटिव्हवर जे काळं ते प्रिंटमध्ये पांढरं, हे तुला मी सांगायला नको. पेन्सिलीनं जागा उजळते. कुंकू काळं करायचं, तर निगेटिव्ह खरवडावं लागतं, आणि तुझ्या कागदाला नख लागलं तरी तंतू उठतात. बघ, एक तरी तंतू उठलाय का.

मी हात लावलेला नाही. जे केलं ते तुझ्या कागदानं केलं. डिसेंबरातली तुझी चिठ्ठी काढून पुन्हा वाचली, लाल स्कूटर काळी, निळा ड्रम पांढरा. गोंदण निळं-हिरवं असतं. कागदाला निळं उजळ दिसतं, म्हणून ते कातडीत मिसळून गेलं. ही गोष्ट मी आधी सांगायला हवी होती, ती माझी चूक. ठिपके हवे असतील, तर निगेटिव्हवर तेवढ्या जागा मेणाखाली हलक्या करून देता येतील, पण ते खरं राहणार नाही.

आणि कुंकू. आईला उन्हात बसवून कपाळ जवळून बघ. त्या वेळी बाजारात मिळायचं त्या कुंकवानं कितीतरी बायकांची कपाळं काळवंडायची, स्टुडिओत रोज बघायचो. कुंकू लावायचं सोडलं की डाग वर्षावर्षानं फिकट होत जातो. आपल्या डोळ्याला दिसेनासा होतो. तपकिरीला आंधळा असलेला कागद मात्र तो काळा करून दाखवतो. प्रिंट पहिल्यांदा पाण्यात वर आला तेव्हा मी पण दचकलो. रात्रभर पाठवावा की नाही याचा विचार केला. मग म्हटलं, जे आहे ते आहे. चार ओळी लिहून पाठवायला हव्या होत्या. त्या लिहायला घेतल्या आणि घाबरलो. कशाला घाबरलो, ते आता सांगतो.

तू ज्याचा आळ घेतलास ते मी केलं नाही. जे केलं त्याचा आळ माझ्यावर कुणी घेतलाच नाही.

ते कोपर तुझ्या आईचं आहे. तुझ्या पहिल्याच पत्रात मी ओळखलं होतं. तुझे वडील विजयसिंह गेले, तेव्हा तुझे चुलते आबासाहेब माझ्याकडे दुसरीकडे काढलेला जोडीचा फोटो घेऊन आले. तेराव्याला हार घालायला मोठा फोटो हवा होता, एकट्याचा दुसरा नव्हता. बाईवर काळी पट्टी लावून मला कॉपी काढता आली असती, दोन मिनिटांचं काम. पण परीक्षेच्या पासपोर्ट फोटोंची दारात रांग होती. मी कात्री घेतली. तेव्हा ती रीतच होती, माणूस गेलं की जोडी कापायची. शेकडो कापल्या असतील. तुझ्या आईची अर्धी बाजू केराच्या टोपलीत गेली. आबासाहेबांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी ती एकटी एसटीनं आली. काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, "दुसरी अर्धी बाजू हाय का?" त्यांच्या जोडीचा तेवढा एकच फोटो होता, हे तेव्हा मला कळलं. खरं सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "ती आबासाहेब घेऊन गेले." तिनं मान हलवली आणि गेली. कपाळ कोरं होतं, मध्ये काळसर वर्तुळ. तुझा प्रिंट पाण्यात वर आला तेव्हा मला तीच काउंटरपाशी उभी दिसली.

आईला हे वाचून दाखव. मला एक करता येतं. तुझ्या वडिलांची तसबीर आणि हा फोटो शेजारी घेऊन दोघांचा एक फोटो करता येईल, जोड दिसणार नाही असा. कापलेलं जोडून देईन. हात तेवढा अजून चालतो.

माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून ती मागत नाही.

हैदर


लासुर्णे
१० मार्च

चाचा,

शिसं चमकलं नाही. तंतू उठला नव्हता. तुम्हाला नको नको ते बोलले. मला क्षमा करा.

आईला अंगणात बसवलं. केस विंचरून देते म्हणून कपाळ जवळून बघितलं. आहे, चाचा. माहीत असल्यावरच दिसतं, इतकं फिकट. इतकी वर्षं तिच्यासमोर जेवते मी, मला कधी दिसलं नाही.

मग प्रिंट आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं बघितलं. बोट आधी फोटोतल्या कपाळावर ठेवलं, मग स्वतःच्या. म्हणाली, "लई चरचरायचं ते बाजारचं कुकू. तरी लावायची." मी घाबरतच विचारलं, आई, वाईट वाटलं का? तर म्हणते,

"पुसायला सांगितलं तवा मी पुसलं. कातडीला कोन सांगनार?"

गोंदणाचं विचारलं, तर म्हणाली, "ते हितं हाय की माज्या हनुवटीवर. तुला बोट ठिवायचं तर हितं ठेव."

चाचा, मी ठेवलं. छत्तीस वर्षांची बाई, अंगणात, दिवसाढवळ्या.

तुमचं पत्र पुरं वाचून दाखवलं. कात्रीचं आलं तेव्हा ती उठून आत गेली. वाचू की थांबू विचारलं, तर आतून म्हणाली, वाच, ऐकू येतंय. त्यानंतर चार दिवस झाले, त्याविषयी एक शब्द नाही. मी विचारणार नाही. ती सांगेल तेव्हा लिहीन.

राजलक्ष्मी


लासुर्णे
२८ मार्च

(आई सांगतेय, मी फक्त लिहून घेतेय. तिनं बजावलंय, एक अक्षर सुधारायचं नाही. राजलक्ष्मी.)

हैदरभाईस्नी गोजराबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र ऐकलं. राग आला. लई आला. आबासाहेब भावजींनी माजी बाजू टाकली, असं मी धरून चालले. त्ये जाईस्तोवर बारा वर्सं त्यांच्याशी धड बोलले न्हाय. सनावाराला त्यांच्या घरचं पानी प्याले न्हाय. त्ये गेले तवा माज्या डोळ्यास्नी पानी आलं न्हाय. मी कशापायी रुसले ह्ये त्या बिचाऱ्यास्नी मरस्तोवर कळलं नसंल. काल त्यांच्या घरी गेले. फोटूफुडं उदबत्ती लावली. जावंनं इचारलं, आज काय? म्हनलं, काय न्हाय, राहिलं हुतं.

तुमी खरं सांगितलं, उशिरा सांगितलं. न्हाय सांगितलं असतं तरी मला कुठं कळनार हुतं? म्हनून सांगितल्याचं तेवढं मी धरते.

जोडून देतो म्हनता. नगं. मालक गेले तवा त्यांचं वय पंचेचाळीस. मी साठीची. त्यांच्या शेजारी बसवलं तर लोकं म्हनतील, आई का काय. ही गंमत झाली. खरं सांगते, त्या दिशी चाळीस आकडं मी एकली बसले. ती माजी मी हाय. तिला कुनाशी जोडायची न्हाय अन् कुनापासनं कापायची न्हाय. दोन तसबिरी केल्यात. त्यांची त्यांच्या खिळ्याला, माजी माज्या. मधी बोटभर जागा हाय. बरी दिसती.

तसबिरीतलं कुकू आळीतल्या बायका बघून जात्यात. येक म्हनाली, ह्ये बरं न्हवं. म्हनलं, उसाच्या चिपाडाला जाऊन सांग.

तुमचं पत्र आल्यावर दोन दिस मी नुसता लगदा कुटला. राजी म्हनती, इतका बारीक कधी झाला न्हवता, कागद लई ग्वाड आलाय. त्यो येगळा ठिवलाय. तुमचा फोटू कुनी काढला न्हाय म्हनं. त्यो त्या कागदावर काढायचा हाय. पडवीत खुर्ची ठिवलीया. मी आकडं मोजीन, तुमास्नी ऐकू येनार न्हाय, म्हनून हात वर करून दावीन.

सुरैय्याबाईस्नी घिऊन या. सकाळच्या एसटीनं या, दहाचा उजीड पायजे. दोघांचा येकत्र काढू.

येताना कात्री आनू नका.